हाडासांध्याचं छोटं ऑपरेशन: तारीख ठरल्यापासून कुबड्या सुटेपर्यंत

"दुर्बिणीचंच तर आहे, संध्याकाळी घरी जाल," असं सर्जन सांगतात आणि त्यात काही खोटं नसतं. गुडघ्यातली फाटलेली गादी (मेनिस्कस, दोन हाडांमधली कूर्चेची चकती) साफ करायला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो, मनगटात दबलेली नस मोकळी करायला त्याहूनही कमी. पण सर्जनचं काम संपतं तिथून तुमचं सुरू होतं. चिरा छोटा असतो. त्यानंतरचे चार-सहा आठवडे मात्र रोज सकाळ-संध्याकाळ तुम्हालाच निभावायचे असतात.

माझ्या गुडघ्याच्या वेळी मी ऑपरेशनबद्दल भरपूर वाचलं होतं. दुर्बीण कशी जाते, आत पाणी का सोडतात, सगळं. पहिल्या रात्री दोन वाजता अंधारात बाथरूमपर्यंत कसं पोचायचं, याचा मात्र विचारच केला नव्हता. हा लेख तेव्हा मला जे हवं होतं त्याबद्दल आहे. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेलं आणि इथलं कुठे वेगळं पडलं, तर डॉक्टरांचं ऐका. तुमच्या सांध्याच्या आत काय केलंय हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

छोटं म्हणजे कोणतं? गुडघ्याची किंवा खांद्याची दुर्बीण, मनगटातल्या दबलेल्या नसेचं ऑपरेशन (कार्पल टनेल), अडकणारं बोट सोडवणं, मनगटावरची गाठ काढणं, जुन्या फ्रॅक्चरची प्लेट, स्क्रू किंवा तारा काढणं, बोटाच्या छोट्या हाडात तार घालणं. यातल्या बहुतेक ऑपरेशनांना रात्रभर राहावं लागत नाही. सांध्यात दुर्बिणीने डोकावण्याच्या तंत्राचा पाया मुख्यतः जपानमध्ये घातला गेला. केंजी ताकागी यांनी 1918 मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, आणि मासाकी वातानाबे यांनी 1962 मध्ये दुर्बिणीतून फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. त्याआधी याच कामासाठी गुडघा उघडावा लागायचा. आज आपण त्याच दिवशी घरी येतो ते या माणसांमुळे.

तारीख पक्की करण्याआधी विचारायचं

पहिला प्रश्न थोडा अवघड वाटतो, पण विचाराच: ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? काही ठिकाणी उत्तर सरळ असतं. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, किंवा नस दबून अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा बसायला लागला असेल, तर थांबण्यात नुकसान आहे. पण चाळिशी-पन्नाशीनंतर झिजेमुळे गादी फाटली असेल, तर नीट केलेल्या व्यायामाने अनेकांना ऑपरेशनइतकाच आराम पडतो. तेव्हा "आधी तीन महिने व्यायाम करून पाहू का?" असं विचारण्यात कुठलाही आगाऊपणा नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही.

दुसरा प्रश्न: आत गेल्यावर बेत बदलू शकतो का? गुडघ्याच्या गादीत हा फरक फार मोठा आहे. फाटलेला तुकडा कापून टाकला, तर बहुतेक लोक त्याच दिवसापासून सोसेल तेवढं वजन टाकत चालू लागतात. तोच तुकडा टाके घालून शिवला, तर काही आठवडे वजनावर आणि गुडघा वाकवण्यावर बंधन येतं. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथे शिवलेलं जुळून येऊ शकतं. आतल्या भागाला तो जवळपास नसतोच. कोणती फाट आहे हे पुष्कळदा दुर्बीण आत गेल्यावरच नक्की कळतं. म्हणून कामावरची रजा आणि घरातली मदत दोन्ही शक्यता धरून ठरवा. मी चार दिवसांची तयारी ठेवली होती आणि जागा झालो तेव्हा सहा आठवड्यांच्या सूचना हातात होत्या.

बाकीचे प्रश्न लिहून न्या: पायावर वजन किती आणि कधीपासून, पट्टी कोण बदलणार, टाके कधी निघणार, फिजिओथेरपी कोणत्या दिवशी सुरू, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर फोन नेमका कोणाला करायचा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नंबरासकट घ्या.

औषधं, तंबाखू आणि त्वचा

घेत असलेल्या प्रत्येक गोळीची यादी करा. त्यात झाडपाल्याची औषधं, व्हिटॅमिन, गर्भनिरोधक गोळ्या, सगळं लिहा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. ती ज्यांनी दिली ते डॉक्टर आणि सर्जन यांनी मिळून ठरवायचं असतं. मधुमेह असेल तर जास्त काळजी लागते. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या सहसा तीनेक दिवस आधी थांबवतात, कारण उपाशी पोटी त्यांच्यामुळे रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि तेही साखर फारशी वाढलेली नसताना. आठवड्यातून एकदा घ्यायची वजनाची किंवा साखरेची इंजेक्शनं पोट रिकामं व्हायला उशीर लावतात, ती भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. पूर्वी कधी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, तुम्हाला किंवा घरात कोणाला भुलेचा त्रास झाला असेल, तर तेही.

तंबाखू, सिगारेट आणि निकोटिनचं जे काही असेल ते किमान चार आठवडे आधी बंद करा आणि हाड जुळेपर्यंत लांब ठेवा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. जखम आणि हाड दोन्हींना जे रक्त हवं असतं तेच कमी पडतं.

ऑपरेशनच्या जागेजवळ पुटकुळी, ओरखडा, कीटक चावल्याचा व्रण, नखाजवळ पू असं काही दिसलं तर आधीच फोन करा. तारीख पुढे गेली तर वाईट वाटतं, पण जंतू सांध्यात जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आणि तिथले केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक कापल्याच्या जागा हेच जंतूंचं दार असतं. काढायचेच असतील तर हॉस्पिटलमध्ये मशीनने काढतात.

घर आधी लावून ठेवा

हे काम आदल्या आठवड्यात करा, धडधाकट असताना.

पायाचं ऑपरेशन असेल तर कुबड्या आधीच आणा आणि घरात चालून बघा. कुठे वळता येत नाही, कुठे गालिचा सरकतो, कोणती वायर आडवी येते, हे तेव्हाच कळतं. पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट मोकळी करा आणि तिथे रात्री मंद दिवा राहील असं बघा. अंघोळीला प्लास्टिकची न घसरणारी खुर्ची लागेल. बसायला हात असलेली, जरा उंच खुर्ची हवी. खोल सोफ्यातून एका पायावर उठता येत नाही. रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. दोन्ही हात कुबड्यांत गुंतले की पाण्याचा पेलासुद्धा एका खोलीतून दुसरीत नेता येत नाही, म्हणून आडवी अडकवायची पिशवी आणि घट्ट झाकणाची बाटली जवळ असू द्या.

हाताचं ऑपरेशन असेल तर आठवडाभर दुसऱ्या हाताने दात घासा, बटणं लावा, शौचानंतरची स्वच्छता करून बघा. हे शेवटचं कोणी सांगत नाही आणि नेमकं तेच पहिल्या दिवशी अडतं. ढगळ, पुढून उघडणारे कपडे काढून ठेवा. कपडे घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना तो शेवटी. पायालाही हाच नियम.

घरी नेण्यासाठी आणि पहिले चोवीस तास सोबत राहण्यासाठी एक मोठं माणूस ठरवा. भूल किंवा झोपेचं इंजेक्शन घेतल्यावर चोवीस तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही, घरात एकटं राहायचं नाही. "बघू, मी एकटा सांभाळेन" असं इथे चालत नाही.

उपाशी राहणं आणि ती सकाळ

साधारण नियम असा: जेवण सहा तास आधी बंद, तेलकट-जड असेल तर आठ तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दूध किंवा दूध घातलेलं पेय पाण्यात धरत नाहीत, ते जेवणात मोडतं. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं, त्यासाठी हे सगळं. चुकून काही खाल्लं असेल तर लपवू नका.

अंगठ्या, बांगड्या, नखांचा रंग घरीच काढा. हाताला सूज आली की अंगठी कापून काढावी लागते, आणि रंगामुळे बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्याला नीट वाचता येत नाही. सर्जन येऊन ऑपरेशनच्या जागी पेनने खूण करतील. ती करताना जागे राहा आणि नीट बघा. मग तीन-चार वेगवेगळी माणसं येऊन तुमचं नाव, कोणती बाजू, कशाची ॲलर्जी हे पुन्हा पुन्हा विचारतील. यांच्यात काही ताळमेळ नाही असं वाटू शकतं. खरं तर हीच शिस्त आहे: जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये ऑपरेशनसाठी जी तपासणी यादी दिली, तिच्यात हे असंच विचारायचं ठरलेलं आहे. प्रत्येक वेळी पूर्ण उत्तर द्या.

भूल चार तऱ्हांची असू शकते. बोट किंवा मनगटाच्या कामाला बरेचदा जागेवरचं इंजेक्शन पुरतं. तुम्ही जागे असता, ओढल्यासारखं जाणवतं, दुखत नाही. पूर्ण हात किंवा पाय बधिर करायचा तर नसांभोवती औषध सोडतात. पायाच्या ऑपरेशनला कमरेतून देतात. आणि पूर्ण भूल. कोणती चांगली, याला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही; तुमचं हृदय, फुप्फुसं, पाठ आणि तुमची भीती यावर ते ठरतं. भीती वाटत असेल तर भूलतज्ज्ञांना तसं स्पष्ट सांगा, त्यांच्याकडे त्यावर औषध असतं. ऑपरेशनच्या वेळी मांडीला किंवा दंडाला हवेचा पट्टा आवळतात, म्हणजे रक्त न येता आतलं स्वच्छ दिसतं. नंतर दोन दिवस त्या जागी मुका मार लागल्यासारखं दुखलं तर घाबरू नका.

पहिली रात्र

हा भाग मी दोनदा वाचायला सांगेन.

नसेजवळ दिलेली भूल कित्येक तास टिकते, कधी पूर्ण दिवस. तोवर हात किंवा पाय आपला नसल्यासारखा लोंबतो. कुठे चेंगरला, गरम वस्तूला लागला तरी कळत नाही, म्हणून तो झोळीत किंवा उशीवर जपून ठेवा. दुखत नाही म्हणून गोळी घ्यायचं टाळणं ही या रात्रीची सगळ्यात महागडी चूक. बधिरपणा बहुधा अंगात शिणवटा असताना, मध्यरात्री उतरतो आणि ठणका एकदम वर येतो. मग गोळी घेतली तरी तिला पकडायला तासभर लागतो. मुंग्या यायला लागल्या, बोटं हलायला लागली की दुखण्याची वाट न पाहता ठरलेली गोळी घ्या, आणि पहिले दोन-तीन दिवस घड्याळ लावून घेत राहा.

बहुतेकांना पॅरासिटामॉल हा पाया म्हणून देतात. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून बरीच कमी. सर्दी-तापाच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे वेष्टनावरचं नाव वाचा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गटातल्या गोळ्या पोटात काहीतरी असताना घ्या, आणि अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. ट्रॅमाडॉलसारखी जोरदार गोळी दिली असेल तर ती थोड्याच दिवसांची. तिने बद्धकोष्ठता होते, म्हणून पाणी, चोथा असलेलं अन्न आणि लागलं तर शौचाला सैल करणारं औषध पहिल्या दिवसापासून.

कमरेतून भूल घेतली असेल तर घरी सोडण्यापूर्वी लघवी होतेय ना हे पाहतात. घरी आल्यावर सहा-आठ तास लघवी झालीच नाही, किंवा बसलं की डोकं भयंकर दुखतं आणि आडवं झालं की थांबतं असं झालं, तर कळवा. दोन्हींवर उपाय आहे.

पहिले तीन दिवस: उंच, गार, हलतं

दुखण्याचा अर्धा वाटा सुजेचा असतो, आणि सूज उतरवायचं काम तुमच्या हातात आहे. उंच ठेवायचं म्हणजे हृदयापेक्षा उंच. खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवला तर तो हृदयाच्या खालीच राहतो; आडवं व्हा आणि पोटरीखाली उशा रचा. गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर उशी नुसती गुडघ्याखाली खुपसू नका. तसं बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेला राहायची सवय लागते आणि सरळ करायला नंतर आठवडे जातात. आधार घोट्यापर्यंत हवा, गुडघा सरळ. हाताचं असेल तर बसताना-चालताना हात छातीच्या वर, झोपताना उशीवर.

बर्फाची पिशवी पातळ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, मग तासभर तरी सुट्टी. भाग बधिर असेल तोवर बर्फ फार सांभाळून, कारण गारठा सोसतोय की नाही हे कळत नाही. पट्टी भिजू देऊ नका.

हलतं म्हणजे काय? ऑपरेशन झालेला सांधा सोडून बाकी सगळं. पायाचं असेल तर जागं असताना दर तासाला पाऊल वर-खाली दहा-वीस वेळा, म्हणजे पोटरी पंपासारखी रक्त वर ढकलते. हाताचं असेल तर बोटं पूर्ण मिटून पूर्ण उघडायची, कोपर आणि खांदाही फिरवायचा. झोळीत हात ठेवून खांदा आखडलेली माणसं मी पाहिली आहेत. मनगट बरं झालं आणि खांदा महिनोन्‌महिने धरून राहिला.

काही गोष्टी दिसायला वाईट असतात पण असतात साध्या. दुर्बिणीच्या भोकांतून पट्टीवर गुलाबी पाणी झिरपतं, कारण सांध्यात सोडलेलं पाणी अजून बाहेर येत असतं. निळं-काळं रक्त गुडघ्यावरून उतरत चौथ्या-पाचव्या दिवशी घोट्यावर दिसतं. पहिल्या दोन दिवसांत थोडी कणकण येते. चिऱ्याभोवती हाताएवढा भाग बधिर लागतो, कारण कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात. तो हळूहळू आक्रसतो.

आणि हे झालं तर थांबायचं नाही

- गोळ्या घेऊनही वेदना वाढतच जाते, पोटरी किंवा हात दगडासारखा घट्ट लागतो, आणि कोणी तुमची बोटं हलकेच ताणली तरी कळ सहन होत नाही. स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढल्याची ही खूण असू शकते. काही तासांत स्नायू आणि नसा कायमच्या जातात. सकाळची वाट न पाहता इमर्जन्सीत जा.
- प्लास्टर किंवा पट्टीखालची बोटं निळी, पांढरी, गार पडली, किंवा भूल उतरल्यावर पुन्हा बधिर झाली. आधी तो हात किंवा पाय उंच करा. लगेच फरक पडला नाही तर निघा.
- एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते. शिरेत गुठळी असू शकते. पोटरी चोळू नका, त्याच दिवशी दाखवा.
- अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं. ती गुठळी फुप्फुसात गेली असू शकते. रुग्णवाहिका बोलवा.
- तीन-चार दिवसांनी कमी होत आलेलं दुखणं उलटलं, जखमेभोवतीची लाली पसरतेय, पू किंवा वास येतोय, ताप 38 अंश सेल्सिअसच्या (100.4 फॅरनहाइटच्या) वर. सांध्यात जंतू गेले असतील तर एकेक दिवस मोलाचा असतो.

"उगाच त्रास देतोय का मी डॉक्टरांना?" हा विचार अशा वेळी बाजूला ठेवा.

जखम

कोरडी आणि एकटी सोडा. पावडर, हळद, मलम, तेल काही लावायचं नाही. पट्टी कधी उघडायची ते सांगितलेलं असेल. आधी ती उचलून डोकावू नका. अंघोळ करताना पट्टीवर पिशवी बांधली तरी वरच्या तोंडाने पाणी उतरतंच, म्हणून तो भाग पाण्याबाहेर ठेवा. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात. त्यानंतरही टबात किंवा तलावात बुडवायची घाई नको. बोटातून बाहेर आलेली तार असेल तर ती कशात अडकणार नाही आणि भिजणार नाही याकडे लक्ष द्या.

प्लास्टरमध्ये खाज सुटली की फूटपट्टी, सुई, पेन्सिल काहीही आत घालू नका. आतली कातडी मऊ झालेली असते, ओरखडा लागला तर जखम चिघळते आणि बाहेरून दिसत नाही. केस वाळवायच्या यंत्राची गार हवा सोडा.

कातडी पूर्ण मिटली, खपली गेली की व्रणाला साध्या मलमाने बोटाने गोल-गोल मालिश करा, दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं. तळहाताच्या व्रणाला तर हे हवंच, नाहीतर तो खाली चिकटतो आणि काहीही पकडताना खुपतो. वर्षभर त्या जागी ऊन लागू देऊ नका, व्रण गडद राहतो.

कुबड्या

नीट शिकल्या तर कुबड्या सोप्या आहेत, आणि बहुतेकांना त्या कोणी शिकवत नाही.

उंची: सरळ उभं राहिल्यावर वरची गादी काखेपासून दोन-तीन बोटं खाली. मूठ मनगटाच्या घडीपाशी, म्हणजे पकडल्यावर कोपर थोडंसं वाकतं. भार तळहातांवर घ्यायचा, काखेवर लोंबायचं नाही. काखेत दंडाची नस दाबली गेली की मनगट लुळं पडतं. आठवडेच्या आठवडे ते उचलता येत नाही.

चालणं: दोन्ही कुबड्या पुढे, मग दुखरा पाय त्यांच्या रेषेत, मग चांगला पाय. पावलं छोटी, नजर समोर. जिन्यासाठी "चढताना चांगला, उतरताना दुखरा" एवढं पाठ करा. चढताना चांगला पाय आधी वरच्या पायरीवर आणि मागून दुखरा पाय नि कुबड्या. उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी खाली. कठडा असेल तर एक हात कठड्यावर, दोन्ही कुबड्या दुसऱ्या हातात किंवा सोबतच्या माणसाकडे. बसताना खुर्ची पायांना मागून लागेपर्यंत मागे या, कुबड्या एका हातात घ्या, दुसरा हात खुर्चीच्या हातावर, दुखरा पाय पुढे सरकवा आणि मग बसा. पुढे एकच कुबडी किंवा काठी उरली की ती दुखऱ्या बाजूच्या उलट हातात धरायची. हे मनाला पटत नाही, पण चालताना उलटा हात आणि पाय बरोबर पुढे जातात, तसाच भार वाटला जातो.

वजनाबद्दलचे शब्द नीट समजून घ्या: अजिबात टेकवायचा नाही, फक्त बोटं टेकवायची, थोडं वजन, सोसेल तेवढं, पूर्ण. "थोडं" म्हणजे किलोत किती ते विचारा. मग वजनकाट्यावर फक्त तो पाय ठेवून तेवढ्या आकड्यापर्यंत दाबून बघा, दोन-चार वेळा केलं की अंगाला अंदाज येतो.

व्यायाम

गुडघ्यात सूज आली की मांडीचा पुढचा स्नायू मेंदूचं ऐकेनासा होतो. तुम्ही आवळायला जाता आणि काही होत नाही. हे आळसामुळे किंवा भीतीमुळे होत नाही. सांध्यातून येणारे संदेश स्नायूला थोपवून धरतात. म्हणून पहिला व्यायाम अगदी साधा असतो: पाय लांब करून गुडघ्याचा मागचा भाग पलंगावर दाबायचा, मांडी आवळून पाच मोजायचं, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. मग टाच पलंगावरून सरकवत गुडघा जमेल तेवढा वाकवायचा. मग गुडघा सरळ ठेवून पूर्ण पाय वीतभर उचलायचा. उचलताना गुडघा थोडा वाकून लटकत असेल तर अजून पहिल्याच व्यायामावर राहा. गादी शिवली असेल तर किती वाकवायचं याला मर्यादा असेल, ती ओलांडू नका.

हाताला बोटांच्या घड्या: आधी हात सरळ, मग बोटांचा आकडा, मग पूर्ण मूठ, मग बोटं मुळाशी वाकवून वरून सपाट. प्रत्येक घडी पूर्ण करायची, घाईत अर्धी नको.

किती दुखलं तर चालेल, हे कसं ओळखायचं? मला फिजिओथेरपिस्टने दिलेलं माप आजही पटतं. व्यायामानंतर दुखलं आणि तास-दोन तासांत, फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झालं, तर बरोबर चाललंय. दुसऱ्या सकाळी सूज कालच्यापेक्षा जास्त असेल तर प्रमाण अर्धं करा, बंद करू नका.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मन खचतं. विचारपूस थांबलेली असते, टाके निघालेले असतात, लोकांच्या लेखी तुम्ही बरे झालेले असता आणि जिना मात्र अजून अवघड असतो. त्या दिवसांत मी कॅलेंडरवर गुडघा किती अंश वाकला ते लिहीत होतो. रोज बघितलं तर काही हलत नव्हतं. आठवड्याचे आकडे शेजारी ठेवले की हललेलं दिसायचं.

आणखी एक, क्वचित होतं पण लवकर ओळखलेलं बरं: जखम भरली तरी हात किंवा पाऊल आगीसारखं जळतं, कपड्याचा स्पर्श सोसत नाही, रंग बदलतो, घाम येतो. याला नाव आहे (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम) आणि उपचारही आहेत. "सहन करा" असं कोणी म्हटलं तरी दुसरीकडे दाखवा.

कामावर, गाडीवर, मैदानावर

बसून करायच्या कामावर काही जण थोड्या दिवसांत जातात, काहींना दोन आठवडे लागतात. उभ्याचं किंवा ओझ्याचं काम असेल तर आठवडे मोजा. नस मोकळी केल्यावर रात्रीच्या मुंग्या बरेचदा लवकर थांबतात, पण तळहाताच्या बुडाशी दाबल्यावरचं दुखणं आणि पकडीतला कमीपणा दोन-तीन महिने राहू शकतो. डबा उघडता येत नाही म्हणून ऑपरेशन फसलं असं समजू नका. गाडी चालवायची ती जोरदार गोळ्या थांबल्यावर, हात झोळीबाहेर आल्यावर, आणि दचकून ब्रेक दाबावा लागला तर कचरल्याशिवाय दाबता येईल तेव्हाच.

प्लेट किंवा स्क्रू काढलेल्यांनी इथे विशेष जपायचं आहे. बाहेरून फक्त एक जुना व्रण पुन्हा उघडून शिवलेला असतो आणि माणूस दुसऱ्या आठवड्यात पळायला बघतो. आत मात्र हाडात स्क्रूंची भोकं उरलेली असतात. ती भरायला आठवडे, कधी महिने लागतात आणि तोवर त्याच जागी हाड पुन्हा मोडू शकतं. उड्या, धक्काबुक्कीचे खेळ, अवजड ओझी कधीपासून, ते एक्स-रे बघून सर्जनकडून ठरवून घ्या.

शेवटच्या तपासणीला जाताना ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागून घ्या. आत काय सापडलं, काय काढलं, काय शिवलं, धातू ठेवला असेल तर कोणता, हे त्यात लिहिलेलं असतं. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली किंवा दहा वर्षांनी तोच सांधा दुखला, तर नवे डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील. फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि घरातल्या एका माणसाला पाठवून द्या.